वन्संचा समुद्र

समुद्राची इतकी काळजी करणारी आणि पाण्याला इतकी भिणारी बाई उभ्या नाशकात दुसरी सापडणार नाही. त्या माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं. कॉलेजात गणित शिकवायच्या, आमच्याकडेच राहायच्या, आणि गोदावरीला वरच्या पायरीवरूनच नमस्कार करायच्या. पण नव्वदच्या दशकात पीएचडीला विषय घेतला तो हिंदी महासागराच्या तापमानाचा! जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला, आम्ही जमिनीवर आलो. आकडेमोड चालू असली की मिक्सर लावायचा नाही, कारण दिवे मंद झाले की कॉम्प्युटर बंद. सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलेले माझे यजमान मग खलबत्त्यात दाण्यांचं कूट कुटत बसायचे.

वन्संच्या पद्धतीचं नाव वेव्हलेट. तव्यावरची पोळी करपेपर्यंत त्या मला समजावायच्या, "एक चिमुकली लहर घ्यायची आणि जुन्या नोंदींवरून सरकवत न्यायची. कधी ताणायची, कधी आखडायची. म्हणजे समुद्राचा चढउतार किती वर्षांनी येतो तेही कळतं, आणि तो कधी जोरात होता, कधी मावळला तेही." माझ्या द्राक्षबागायतदार भावानं एकदा विचारलं, "ताई, या आठवड्यात पाऊस येईल का हो?" वन्सं म्हणाल्या, "मागच्या पन्नास वर्षांचं विचारा, सांगते." भाऊ म्हणाला, "मागची द्राक्षं विकून झाली हो!"

मग एक दिवस त्यांना नोंदींच्या शेवटाला एक संथ चढउतार वाढताना दिसला. कुणी न पाहिलेला. त्यांचे गाईड खूश, आमच्याकडे श्रीखंड. महिन्याभरानं वन्संनी तो प्रबंधातून काढून टाकला.

"नोंदी संपतात तिथं माझी लहर अर्धी आकड्यांवर, अर्धी रिकाम्या जागेत. तिथलं खरं धरता येत नाही."

गाईड म्हणाले, "बाई, एवढं कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय ना, सर."

सगळं नव्यानं लिहावं लागलं. पदवी चांगली दोन वर्षं लांबली.

पुढे कितीतरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, नव्या नोंदी हाती आल्या. एका दुपारी त्यांनी सगळं पुन्हा चालवून पाहिलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या पडद्याकडे बघत नुसत्या बसल्या होत्या.

"तो चढउतार नव्हताच गं, वहिनी."

"म्हणजे तुम्ही काढलात ते बरोबरच होतं की!"

"हो, बरोबरच होतं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पण इतकी वर्षं मनात वाटायचं, असेल. फार देखणा होता गं तो."

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. चहा निवला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.