कोळेकर मास्तर आणि बंदीचं बटण

कोळेकर मास्तरांचा विषय निघाला की मी इतकी वर्षं गुडघ्याच्या दुखण्यावर घसरत आलो. माझ्या वयाच्या माणसाला गुडघे फार उपयोगी पडतात. पण परवा एका लग्नात जुना सहकारी हसत म्हणाला, "आठवतो का तो व्हीपीएनवाला म्हातारा?" आणि पंगतीतले सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

सोलापूरच्या ज्या शाळेत मी उपमुख्याध्यापक होतो, तिथे बिरा कोळेकर चित्रकला शिकवत. मंगळवेढ्याकडचं मेंढरं राखणारं घर. वर्गात पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर पाऊल पडलं की गावची. निवृत्तीनंतर कुंभारीला घर बांधलं, शेळ्या पाळल्या. "पेन्शन सरकार देतंय, दूध शेळी देती. दोगांचीबी धार येळेवर काढाय लागती की," म्हणायचे. बायको गेल्यावर एकटेच राहत. आमच्या शाळेतल्याच शहापूरकर बाई दर भोगीला त्यांना बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी डब्यात घालून पाठवायच्या. मास्तर रिकामा डबा कधी परत करत नसत; त्यात बोरं नाहीतर हुरडा असायचा.

आम्हा निवृत्त मंडळींना रविवारी सकाळी गप्पा मारता याव्यात म्हणून कुणाच्या तरी पुतण्याने एक सर्व्हर काढून दिला. सर्व्हर म्हणजे मोबाईलमधली आवाजाची खोली. आपापल्या घरी बसून आत शिरायचं आणि बोलायचं. नाव ठेवलं 'जुना कट्टा'. अशा खोलीला एक रखवालदार लागतो, तो मी झालो. नको असलेल्या माणसाच्या नावावर बोट ठेवायचं, बंदीचं बटण दाबायचं. माणूस बाहेर, आणि पुन्हा आत येणं नाही. उभ्या नोकरीत मला शिपायाची रजा अडवण्यापलीकडे काही अधिकार नव्हता. साठीनंतर थेट हद्दपारीचा मिळाला. अशा वेळी माणसाने आधी बोटाला लगाम घालायला हवा. मी चष्म्याचा नंबर वाढवून आणला.

एका रविवारी मी माझी आवडती हकिकत सांगत होतो. शाळेची सहल माळावर मुक्कामाला होती, पहाटे लांडगा आला आणि मी एकट्याने छत्री उगारून त्याला हुसकावला. दर वेळी सांगताना तो लांडगा थोडा वाढायचा. त्या दिवशी तो वासराएवढा झाला होता. तेवढ्यात कोळेकरांचा आवाज आला.

"सर, ते कुत्रं हुतं की."

मी न ऐकल्यासारखं करून लांडगा पुढे दामटला, पण मास्तर थांबले नाहीत.

"आमच्या घरी मेंढरं हायत, सर. लांडगा मी अंधारात वासावरनं वळखतो. कुत्रं हुतं, तेबी लंगडं. आन छत्री माझी हुती. तुमी बसमदी हुता."

सगळे हसले. शहापूरकर बाई तर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी बटण दाबलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर निव्वळ चिडका म्हातारा ठरलो असतो. पण लोक विचारू लागले, "अहो, मास्तर कुठे गेले?" आणि मी गंभीर आवाजात म्हणालो, "जाता जाता बाईंबद्दल जे बोलले ते तुम्ही ऐकलं नाहीत, तेच बरं. मी रखवालदार, मला वेगळं ऐकू येतं." रखवालदाराला वेगळं काही ऐकू येत नाही. पण उपमुख्याध्यापक खोटं बोलेल असं शिक्षकांना वाटत नाही. वाटत असेलच, तर ते तसं म्हणत नाहीत. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "कोळेकर? माझ्याबद्दल?" आणि बाहेर पडल्या. त्या वर्षी भोगीला कुंभारीला डबा गेला नाही. पुढेही कधी गेला नाही.

माझं ते बोलणं कुणीतरी मास्तरांच्या कानावर घातलं, बाई त्यांचा फोन उचलेनात, मग त्यांनी बंदीतून वाट काढायचा उद्योग सुरू केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस, व्हिडिओ बघून शिकला. आधी नवीन नावाने आले. आवाजावरून ओळखलं, बटण दाबलं. मग त्या व्हीपीएनने आपला पत्ता लपवून आले. पुतण्याने सांगितलं, "काका, हा मेंबर जर्मनीतून येतोय." पण जर्मनीतल्या त्या गृहस्थामागे शेळी ओरडत होती, आणि तिचा सूर थेट कुंभारीचा होता. पुढच्या खेपेला शेळ्या लांब बांधल्या आणि आवाज बदलणारं ॲप घेतलं. कधी विहिरीतून बोलणारा राक्षस यायचा, कधी सर्दी झालेली तरुणी. एका खेपेला तर त्या तरुणीने "रामराम मंडळी" म्हणून तंबाखू थुंकली.

मी एक सापळा लावला. नवीन कुणी आलं की मी सहज म्हणायचो, "शेंगाचटणी काय, मिक्सरमधलीच चांगली." खरा पाहुणा "हो का" म्हणायचा. मास्तरांना ते सोसायचं नाही. सगळं सोंग बाजूला टाकून राक्षस ओरडायचा, "अवो, उखळात कुटल्याबिगर तेल सुटतंय व्हय तिला?" बटण.

सगळे पोट धरून हसायचे. रविवारचा तो खेळच झाला. एक गोष्ट मात्र फक्त माझ्या ध्यानात आली होती, कारण बोट माझं होतं. दर वेळी आत आल्यावर ते एकच वाक्य सुरू करायचे, "बाई, मी तुमास्नी..." आणि ते पुरं व्हायच्या आत मी त्यांना बाहेर काढायचो.

एकदा सात रस्ता चौकात समोरासमोर गाठ पडली. पळायला जागा नव्हती. मास्तर हसले.

"काय सर, आज तुमच्याकडं बटन न्हाय की."

"मास्तर, तुम्ही उगाच..."

"भांडाय न्हाय आलो. लांडगा म्हनत असाल तर लांडगा. वाघ म्हना, मी साक्ष देतो. पर बाईस्नी एवडं सांगा, मी त्यास्नी काय बोललो न्हाय. डब्यासाठी न्हाय म्हनत सर. माझी बायकू गेली तवा माझ्या घरी चूल त्या बाईंनी पेटवली. त्या मला तसला समजत्यात, ते लई लागतंय."

मी "बघतो, बघतो" म्हणालो आणि समोर आलेल्या रिक्षात बसलो. कुठे जायचं ते रिक्षावाल्याला विचारावं लागलं.

त्यानंतर मास्तर कट्ट्यावर आले नाहीत. मला वाटलं, दमले. ते आजारी होते. गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही रविवारी कट्ट्यावरच शोकसभा ठेवली. अध्यक्ष अर्थातच मी. "हरहुन्नरी कलावंत" वगैरे बोलून झालं. शहापूरकर बाईही आल्या होत्या. तेवढ्यात एक अनोळखी नाव आत आलं आणि विहिरीतल्या राक्षसाचा आवाज म्हणाला, "नमस्कार. बाई, मला तुम्हांला..."

माझं बोट माझ्याआधी हललं.

संध्याकाळी फोन आला. "सर, मी सुरेखा. कोळेकरांची मुलगी. सकाळी बाबांच्या मोबाईलवरून तुमच्याकडे आले होते. त्यात आवाजाचं काहीतरी चालू राहिलं होतं वाटतं, आणि मग एकदम बंदच पडलं. बाबांनी शहापूरकर बाईंना एक निरोप द्यायला सांगितला होता."

"नेट गेलं असेल," मी म्हणालो.

"असेल. तुम्ही सांगाल का त्यांना?"

"सांगतो," म्हणालो. ह्यालाही आता बराच काळ लोटला. बाई रविवारी अजून येतात. मी बोलायला तोंड उघडतो आणि विचारतो, "काय बाई, गुडघे कसे आहेत?" हे लिहिलेलं पहिल्यांदा त्यांच्याकडेच पाठवतो आहे. त्यांच्यासमोर वाचून दाखवायची हिंमत नाही, म्हणून.

मास्तरांच्या सगळ्या नावांवरची बंदी मी उठवली आहे. राक्षस, तरुणी, जर्मनीचे गृहस्थ, सगळ्यांना दार उघडं आहे. रविवारी मंडळी यायच्या आधी मी एकटा खोलीत शिरतो. माईक चालू करतो. तिथे कुणी नसतं, तरी आवाज फुटत नाही. म्हणून इथे लिहितो. कोळेकर, तुम्ही बाईंना काही बोलला नव्हता. छत्री तुमची होती. आणि ते कुत्रंच होतं.