आप्पा गावी परत का आले

ताई, आई गेल्यावर महिन्याभरात आम्ही आप्पांना इकडं घेऊन निघालो, तो दिवस तुला आठवतच असेल. साताऱ्याच्या स्टँडवर तू त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू कोंबत होतीस आणि मला बजावत होतीस, "त्यांना एकटं पाडू नको." मी मान डोलावली होती.

कोपरखैरण्याला आमचं वन रूम किचन, हे तुर्भ्याच्या मार्केटात कारकून. आप्पांना करमेना. गावच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलेला माणूस. शेवटी माझ्या मीनललाच घेऊन बसू लागले. ती तेव्हा इंग्लिश मीडियमच्या सीनियर केजीत. शाळेत अक्षरांची नावं पाठ आणि स्पेलिंगची घोकंपट्टी. आप्पा तिला म्हणत, "नाव पाठ करून वाचता येत न्हाई. अक्षराचा आवाज ऐक." मग बी म्हणजे ब्, टी म्हणजे ट्. आवाजाला आवाज जोडत पोरगी दोन महिन्यांत 'बॅट', 'पिन' वाचू लागली. दुकानांच्या पाट्याही सोडेना. मला कोण कौतुक वाटायचं.

एके दिवशी मिसनं बोलावून घेतलं. बी दाखवला की मीनल 'ब्' म्हणते, वर्ग हसतो. घरी कोण शिकवतं? हे व्हर्नाक्युलर वळण आधी बंद करा. बाकीच्या आया ऐकत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी वाचते, हे सांगायचं सुचलंच नाही. नाही, सुचलं होतं. धीर झाला नाही.

घरी येऊन म्हणाले, "आप्पा, तिला तुम्ही नका शिकवू. तुमचं चुकतंय."

"बरं," आप्पा म्हणाले. "न्हाई बसवत."

पुढं मीनल पुस्तक घेऊन गेली की ते तिला माझ्याकडं पाठवत. गणपतीला गावी जाऊन येतो म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. तू गावातच दिलेली, त्यांचं दुखणंखुपणं शेवटपर्यंत तूच काढलंस. तुला वाटलं, शहर मानवलं नाही. मीही तेच सांगत राहिले.

परवा खारघरला मीनलच्या लेकीला फोनिक्सच्या क्लासला सोडलं. टीचर सांगत होत्या, नाव नको, आवाज शिकवा, घरीसुद्धा. मीनल नवलानं ऐकत होती. तिला आप्पांचं शिकवणं आठवतच नाही.

घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच: आप्पा समोर बसलेत आणि मला म्हणता येतंय, तुमचं बरोबर होतं. आप्पा गेल्यावर तसं घर तुझ्याकडंही उरलं नाही, ताई.