लोणीच्या होस्टेलात मी मारलेल्या तीन थपडा

हे मी बोलतोय आणि सौरभ टाइप करतोय. शुद्धलेखन त्याचं, मूर्खपणा माझा. माझी शाळा म्हणजे अर्धी दुसरी. मास्तर एकदा वैतागून म्हणले, उद्यापासून येऊ नको... मी ते लईच मनावर घेतलं.

तर आधीच सांगतो, भूत, करणी, अंगात येणं, यातलं मी कायबी मानत न्हाई. वॉचमन हाय मी. एकदा चोर भरला सिलेंडर खांद्यावर घेऊन चालला व्हता, त्याला मीच गेट उघडून दिलं, वर म्हणलं सावकाश जा. ज्याला जिता चोर वळखता येत न्हाई त्याला मेलेलं माणूस कुठनं दिसायचं? पण त्या दिवशी जे झालं ते झालं. साक्षीदार दोन हायेत, त्यातला एक हे टाइप करतोय.

जागा लोणी काळभोर. सोलापूर रोड सोडून आत, कॉलेजच्या मागच्या गल्लीत तीन मजली बिल्डिंग. तिथं पूर्वी मालकांचा ऊस व्हता, आता पोरं हायेत. जिन्याखाली माझी खोली. सगळी पोरं मला मामा म्हणत्यात.

त्या होस्टेलात माझं नाव व्हतं. मी अकरा वर्षं दारू प्यालोय, मंग सोडली, म्हणून सगळ्यांना वाटायचं ह्याला दारूतलं कळतं. मलाबी तसंच वाटायचं. कोणी जास्त पिऊन पडलं की मला बोलावणं यायचं. माझा कोर्स ठरलेला – लिंबू-मिठाचं पाणी तोंडात ओतायचं, बादलीभर गार पाणी डोक्यावर, आणि सगळ्यात आधी थपडा. माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गुऱ्हाळाच्या चरकात अर्धं गेलंय. पोरांनी थपडेला नाव ठेवलं व्हतं, ‘साडेचार’. मामा, ह्याला दोन साडेचार द्या, म्हणायची. आणि मी बाह्या सरसावत असा जायचो, जसा काय ऑपरेशनला निघालोय. पोरं उठायची. आता कळतंय, ती माझ्यामुळं न्हाई, मी असूनसुद्धा उठायची.

शनिवार व्हता. शेवटचा पेपर सकाळी संपलेला. दुपारचा एक, बाहेर कडक ऊन. दुसऱ्या मजल्यावरचा विकी धावत खाली आला. म्हणला, मामा चला, प्रणव उठंना.

वर गेलो तर प्रणव फरशीवर उताणा. पैज लावून अर्ध्या तासात बाटली संपवलेली, पोटात सकाळपासून कायबी न्हाई, आणि वरनं कसलीशी झोपेची गोळी. ओठ जांभळे. अंग गार, ओलं. एक श्वास घ्यायचा आणि दुसरा घ्यायचं विसरायचा.

खोलीत तिसरा सौरभ. त्याच्या हातात फोन, अॅम्ब्युलन्सला लावत व्हता. विकीनं तो हिसकावला आणि भिंतीवर मारला. काचा उडाल्या. त्याचं म्हणणं, कॉलेजला कळलं तर तिघंबी घरी, आणि घरी बाप जित्ता सोडणार न्हाई. सौरभ एवढंच म्हणला, "अरे तो मरतोय." विकीनं स्टीलची पाण्याची बाटली त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. सौरभ त्याच्या मनगटाला चावला, सोडंना. दोघं प्रणवच्या अंगावरच पडले, पार त्याच्या पायावर, आणि तरी प्रणव हलला न्हाई.

आणि मी काय केलं? मी दाराला आतनं कडी लावली. मालकांनी बजावलं व्हतं, खोलीत दारू सापडली तर पोरांच्या आधी तू जाशील. म्हणजे मी विकीच्या बाजूनं नव्हतो, सौरभच्याबी नव्हतो, मी माझ्या खोलीच्या बाजूनं व्हतो. सौरभची गचांडी धरली आणि त्याला लोखंडी कपाटावर आपटला. दोनदा. म्हणलं, "गप बस. मामा हाय ना."

(इथं सौरभ टाइप करायचा थांबला. मी म्हणलं, लिही.)

मंग मी प्रणवपाशी बसलो आणि पहिली साडेचार ठेवून दिली. आवाज आला... आणि माझा डावा गाल पेटला. मान अशी फिरली की टोपी कॉटखाली गेली. मला वाटलं सौरभनं मागनं हाणली. वळून त्याला लाथ घातली. तो बिचारा कपाटाला टेकून नाक धरून बसलेला, दोन हात लांब.

शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी दुसरी मारली, जरा जोरात. माझी दाढ तुटली. तोंडात रक्त आलं, दाढेचा तुकडा हातावर थुंकला. प्रणवच्या गालाकडं बघितलं. साधा लालसुद्धा नव्हता.

विकी म्हणला, मामा, तुमच्या तोंडाला काय झालं? मी म्हणलं, उष्णता. खरंच असंच म्हणलो. आणि तिसरी मारली. त्या थपडेनं मी कॉटच्या पायावर जाऊन पडलो, भुवई फुटली, एक डोळा रक्तानं मिटला. अंगाला कोणी हात लावला नव्हता. दोघंबी बघत व्हते.

आता तरी? न्हाई. लिंबू-पाणी राहिलं व्हतं ना. विकीनं आधीच करून ठेवलेला ग्लास घेतला, प्रणवचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओतलं. दोनच घोट गेले असतील. माझ्या नाकात पाणी भरलं. मीठ, लिंबू, सगळं नाकातनं डोळ्यापर्यंत झोंबलं आणि गळा बंद झाला. पूर्ण बंद. मी आडवा झालो. स्वतःचा गळा नखांनी ओरबाडला, त्याचे व्रण अजून हायेत. खोकायचं व्हतं, पण खोकायलाबी आत हवा लागते हे त्या दिवशी कळलं.

फरशीला गाल लावून पडलो व्हतो. समोर वीतभर अंतरावर प्रणवचं तोंड. डोळे अर्धे उघडे. तोंडात उलटी आलेली, ती बाहेर येत नव्हती आणि आतबी जात नव्हती. आणि मला साफ कळलं की हे माझं मरण न्हाई, ह्याचं हाय. ह्याला आता असं होतंय. आणि करणारा मी हाय.

कोणी बोललं न्हाई, कोणी दिसलं न्हाई. पिच्चरसारखं दिवेबी फडफडले न्हाईत. पंखा नेहमीसारखा कुरकुरत व्हता.

विकीनं माझा काळानिळा चेहरा बघितला. त्यानंच कडी काढली. माझ्या खिशातला फोन ओढला, सौरभच्या हातात दिला.

"लाव," म्हणला. "जाऊ दे कॉलेज. लाव."

अॅम्ब्युलन्सच्या फोनवर एक बाई व्हत्या. त्यांनी एकेक करून सांगितलं. त्याला एका कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. अंघोळ घालू नका, मारू नका, एकटं सोडू नका, श्वास मोजत राहा. सौरभनं फुटक्या ओठानं सगळं हो हो म्हणलं आणि प्रणवला कुशीवर वळवला. त्याच्या तोंडातनं भडाभडा सगळं बाहेर आलं.

त्याच क्षणी माझ्या छातीत हवा शिरली.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी विकीला विचारलं, काय घेतलं, किती घेतलं. विकी म्हणला, दोनच पेग. बाई शांतपणे म्हणल्या, "हे बघ, मला तुझ्या कॉलेजशी काही देणं-घेणं नाहीये. मला काय आणि किती एवढंच हवंय. तू खोटं बोललास तर माझं औषध चुकेल." मंग त्यानं सगळं सांगितलं, गोळीचंबी. पाकीट खिशातच व्हतं.

माझी भुवई शिवताना त्यांनी माझा गाल बघितला. बोटं उमटली व्हती – तीन लांब, एक अर्धं. त्यांनी माझा उजवा हात उचलला, गालाशेजारी धरला, आणि विचारलं, "आपण स्वतःलाच मारून घेतलंत का?" मी म्हणलं, न्हाई ओ, मी त्याला मारत व्हतो. त्या आत जाऊन प्रणवचा गाल बघून आल्या. परत आल्यावर मला म्हणल्या, "टाका दुखेल, हलू नका."

प्रणव दोन दिवस मशीनवर व्हता. डॉक्टरबाई म्हणल्या, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर आमच्याकडं आणण्यात अर्थ नव्हता. कॉलेजनं तिघांना बोलावलं, पालकांना बोलावलं, समुपदेशन का काय असतं तिकडं दर आठवड्याला पाठवलं. काढलं कोणालाच न्हाई. विकीच्या बापानं त्याला मारला न्हाई, नुसता शेजारी बसून राहिला. ज्याच्या भीतीनं एवढी मारामारी केली ते झालंच न्हाई, पोरांनो. आता माझ्याकडं कोणी धावत आलं तर मी वर जायच्या आधी फोन लावतो. नाव जाईल, नोकरी जाईल, ते नंतर बघू. मालकांनी मला ठेवलंय, पण गेटवरच; डॉक्टरकी बंद.

तिसऱ्या दिवशी प्रणवनं डोळे उघडले. त्याचे वडील बार्शीकडचे शेतकरी. कॉरिडॉरमधी मला शोधत आले. कोणीतरी सांगितलं व्हतं, वॉचमननं वाचवलं. "मामा, तुमच्यामुळं माझं लेकरू..." म्हणत पायाशी वाकले. जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्या पाया पडत व्हतं. गप राहिलो असतो तर चाललं असतं.

मी पाय मागं घेतले. सगळं सांगितलं. कडी मी लावली. फोन लावणाऱ्याला मी आपटला. तुमच्या पोराला मी मारला, त्याच्या तोंडात पाणी मी ओतलं.

त्यांनी पूर्ण ऐकलं. सरळ उभे राहिले. आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. मंग बाकावर बसून ढसाढसा रडले. मी शेजारी बसलो, त्यांनी उठ म्हणलं न्हाई.

ती थप्पड कोणी मारली आणि का मारली, मला ठाऊक हाय. आधीच्या तीन कोणाच्या, ते मला अजून कळलेलं न्हाई. सौरभलाबी न्हाई, आणि तो तर इंजिनियर होणार हाय.