कुकरच्या शिट्टीसकट

शारजातल्या अल नहदाहून दुबईतल्या अल क्वोजला रोज जाणाऱ्या माणसाकडे किस्से नसतील, तर तो गाडीत झोपत असणार. आमच्या कंपनीच्या गाडीत ती सोय नाही. बॉर्डरवरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी सरकत नाही आणि आमची तोंडं थांबत नाहीत. आम्ही चौघं: ड्रायव्हर पेशावरचे बशीरभाई, एस्टिमेशनचा कामत, वर्कशॉपचे फोरमन गुरव आणि पुढच्या सीटवर मी, ड्रॉइंग सेक्शनची. पुढची सीट माझीच का, हे विचारायची अजून कोणाची हिंमत झालेली नाही. तर गेल्या हिवाळ्यात आमचे सगळे किस्से एकाच गाण्याभोवती जमा झाले.

*

गाणं इंग्रजी, सुपरहिट. एक पुरुष, एक बाई, संथ लय, मागे ऑर्गन. रेडिओवर रोज सकाळी, नेमकं आम्ही अडकलेलो असताना लागायचं. तो दुरून विचारतो, जागी आहेस का? ती म्हणते, जागीच आहे. झालं, एवढंच. पण असं काही म्हणतात की बाहेरचे उंच टॉवरसुद्धा पेंगुळल्यासारखे वाटायला लागतात. घरी ते लावून मी टाळीचा ठेका धरला, तर लेक म्हणाली, "ममा, इट्स सोल म्युझिक. यू डोन्ट क्लॅप."

बशीरभाईंना इंग्रजी येत नाही. तरी ती बाई गात असली की ते गाडी हलवायचे नाहीत. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ. मी म्हटलं, "भाई, आगे रास्ता खुल गया."

तर म्हणाले, "खुलने दो मॅडम. बीबी को बात पूरी करने दो."

*

पुरुषाच्या ओळी गुरव म्हणायचे. भरघोस मिशा, खर्जातला आवाज, शब्द नुसते कानाने उचललेले. बाईच्या ओळी कोण म्हणणार? मी सुरात नाही, हे माझ्या नवऱ्याने लग्न झाल्या झाल्याच सांगितलंय. राहिला कामत.

एका सकाळी कामत डोळे मिटून अगदी रंगात आला होता. त्याचा फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला. क्लायंटचा कॉल आला, बशीरभाईंनी सवयीने बटण दाबलं, रेडिओ बंद पडला, पण कामत चालूच. मी जागीच आहे, तुझ्यासाठी जागीच आहे, असं त्याने पातळ आवाजात, जीव ओतून क्लायंटला सांगितलं.

स्पीकरमधून शांतपणे उत्तर आलं, "गुड. देन सेंड मी द कोटेशन."

त्या दिवसापासून कामतने बाईचं काम सोडलं.

*

इथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. त्यामुळे इथला एकटा राहणारा माणूस व्हॉइस नोटवर संसार करतो. गुरव दमेपर्यंत कामाचं बोलतील, पण गुहागरच्या घरी बायकोला काय सांगायचं म्हटलं की त्यांना शब्द सापडत नाहीत. एकदा बिचाऱ्यांनी गाण्यातल्या आपल्या ओळीच पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींचं उत्तर आलं. गाणं पोरीकडून मोबाईलवर ऐकून त्यांनी बाईच्या ओळी म्हटल्या होत्या! इंग्रजी त्यांनाही येत नाही, पण आवाज असा गोड की मी पर्समधला हात पर्समध्येच ठेवला. मध्ये एका ठिकाणी त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि मागे कुकरची शिट्टी झाली. अगदी जागेवर, सुरात.

मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. गुरव सकाळी गाडीतून आपलं अर्धं पाठवायचे, वहिनी स्वयंपाकघरातून आपलं. आम्हाला इतकी सवय झाली की रेडिओवर ती जागा आली की बशीरभाई स्वतःच तोंडाने शिट्टी मारायचे. मूळ गाण्यात शिट्टी नाही, ही त्या लोकांची चूक.

*

जानेवारीत एका सकाळी धुकं पडलं. इतकं की पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसत होते. टॉवर नाहीत, बोर्ड नाहीत, दुबई पण नाही. गाणं लागलं. कोणीच गायलं नाही. वाटलं, दार उघडून खाली उतरलं तर ज्याचं त्याचं अंगणच लागेल.

गुरव मागून हळूच म्हणाले, "हिच्या गळ्याला गाठ आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. गाठ साधी आहे, पण आवाजाचं सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर."

मी म्हटलं, "मग तुम्ही जा ना गावाला."

"तीच नको म्हणते. पोरीची बारावी झाल्यावर मे महिन्यात या म्हणते. आता येऊन नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसाल, म्हणते."

कामत फोनवर काहीतरी शोधून सांगायला लागला. मी त्याला म्हटलं, "कामत, गप बस."

बशीरभाई एवढंच म्हणाले, "ठीक होगा, इन्शाल्ला."

*

ऑपरेशन नीट झालं. पण वहिनींना बोलायची बंदी होती. गाणं लागताच बशीरभाईंनी रेडिओ बंद केला, तर गुरव भडकले. "लगाओ भाई. वो चुप है, गाना क्यों चुप रहेगा?"

रोज ते आपल्या ओळी म्हणायचे, पाठवायचे आणि बाईचा आवाज सुरू झाला की काचेबाहेर बघत बसायचे. शिट्टीच्या जागी बशीरभाई नुसते स्टिअरिंग धरून असायचे. फोन वाजला की आम्ही सगळे मागे वळायचो. कधी कंपनीचा मेसेज, कधी बँकेचा. मला तर त्या बँकेचा रागच यायला लागला.

*

आणि एका सकाळी नोट आली. कामतने गुरवांच्या हातातून फोन घेऊन ती गाडीच्या स्पीकरवर लावली.

आधी कोणीतरी खाकरलं. मग एक जाड, घोगरा आवाज, तळाला गेलेला. तो गायला लागला आणि मी चमकलेच. ओळी बाईच्या नव्हत्याच. गुरवांच्या होत्या. जागी आहेस का?

गाणं थांबवून त्याच आवाजात वहिनी म्हणाल्या, "अहो, आवाज खाली गेलाय माझा. आता वर येणार नाही म्हणतात. तर यापुढे तुमचं मी म्हणते. माझं तुम्ही म्हणा."

गुरवांनी रुमालाने मिशा पुसल्या, डोळे पुसले, फोन तोंडाशी धरला आणि जमेल तितक्या बारीक, फाटक्या आवाजात सुरुवात केली. जागीच आहे.

मध्ये श्वास घ्यायला थांबले.

बशीरभाईंनी शिट्टी मारली.