टेलेक्सची सवय आणि टायपिस्ट बाई

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते अंधेरीतल्या आमच्या कंपनीच्या टायपिस्ट बाईंचे. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. ऐंशीच्या दशकात पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत लागलो तो टेलेक्सवर, म्हणजे तारेसारखे टाइप केलेले निरोप दूरच्या ऑफिसांना पाठवणाऱ्या यंत्रावर. टेलेक्सवर जितका वेळ तितका खर्च, म्हणून इंग्रजीतले ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ सरसकट गाळायचे. माझी सोयच झाली. ते कुठे घालायचे हे मला शाळेत कधी उमगलंच नव्हतं.

पुढे मला पत्रव्यवहाराला बसवलं. कायम करायचं की नाही, हे साहेब माझी पत्रं पाहून ठरवणार होते. आणि माझी पत्रं टेलेक्ससारखीच निघत.

बाई जोगेश्वरीच्या, मूळ मालवणकडच्या. सगळ्यांचे मसुदे टाइप करता करता त्या गुपचूप सुधारत. माझा मात्र परत आला.

“काय रे, पत्र लिहिलंस की तार केलीस?”

“बाई, तुम्हीच घाला ना ते ‘द’.”

“मी घातले तर साहेब मला कायम करतील. मी आहेच कायम!”

मग रोज डबा खाताना त्या शिकवू लागल्या. “एक पंप आला, असं पहिल्यांदा सांगतोस, तिथे ‘ए’. तोच पंप बिघडला, आता वाचणाऱ्याला कुठला ते ठाऊक आहे, तिथे ‘द’.”

“आणि तेल?”

“नुसतं तेल असेल तर काही नको. त्या पंपातून गळलेलं तेल म्हणालास, तर ‘द’.”

मी उत्साहाने सगळीकडेच ‘द’ लावत सुटलो.

“द घाटकोपर? दुसरं घाटकोपर बघितलंस काय कुठे?”

व्याकरणाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. वाचणाऱ्याला काय माहीत आहे, एवढंच विचारत. पत्राच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो, हे मला तिथे समजलं.

गणपतीला गावी निघण्यापूर्वी त्यांनी माझं एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीचं उत्तर टाइप केलं, अक्षरही न बदलता.

“बाई, एकदा बघा तरी!”

“बघितलंय. म्हणून तर हात लावला नाही.”

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. संध्याकाळी मी बाईंना गावच्या पत्त्यावर लिहिलं:

‘बाई, नमस्कार. साहेबांनी पत्रावर सही केली आणि मला कायम केलं. एक ‘ए’ खोडला, तो का, हे तुम्ही आल्यावर विचारीन. तुमच्या जागी बसलेले गृहस्थ माझे मसुदे सुधारू लागले होते. मी त्यांना नको म्हटलं. आईच्याही आधी तुम्हाला कळवतो आहे. आता तिला लिहायला बसतो.’