मेल्सोरचं कोनफळ

मेल्सोर माझ्या धाकट्या बहिणीचा, क्लारिनाचा नवरा. पोनपे बेटावरच्या आमच्या गावात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. होड्या दुरुस्त करतो, मोजकं बोलतो आणि दरवर्षी सरदारांच्या मेजवानीला माझ्याहून मोठं कोनफळ आणतो. मान त्याला, पदवी त्याला. बारा वर्षं मी जळतोय.

दुसऱ्याच्या कोनफळाच्या मळ्यात डोकावणं आमच्यात चोरीहून लाजिरवाणं. त्यामुळे यंदा त्याचं केवढं झालंय, हे मला ठाऊक नव्हतं. नीरफणसावर चढलेला वेल तेवढा लांबून दिसायचा. तो पाहिला की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मेजवानीच्या आदल्या रविवारी मी पोटदुखीचं निमित्त करून चर्च चुकवलं. कोयता घेतला, त्याचं कुंपण ओलांडलं आणि वेलाच्या बुडाशी दणादण घाव घातले. माती भुसभुशीत लागली. खाली काहीच नव्हतं.

"दादा! पोट दुखतंय ना तुझं?" मागे क्लारिना उभी. कोयता बघून ती किंचाळली, आणि शेजारच्या चर्चमधून पोलिसासकट सगळा गाव धावत आला.

मंगळवारी कोर्टात मेल्सोर मान खाली घालून म्हणाला, "कोनफळ आतून कुजलं होतं बाईसाहेब. शनिवारीच उकरून फेकलं. लाजेनं कुणाला बोललो नाही."

मी उसळलो. "मग मी नासवलं काय? मातीच ना?"

"मनात होतं, हातात कोयता होता, घावही घातलेस," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "खाली कोनफळ नव्हतं, हा काही तुझा चांगुलपणा नव्हे. गुन्ह्याचा प्रयत्न हाही गुन्हाच. शिक्षा तेवढी निम्मी. एक महिना आत राहा."

"सोडा त्यांना बाईसाहेब, घरचं माणूस आहे," मेल्सोर म्हणाला. इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.

मेजवानी माझ्याविना झाली. दुसऱ्या दिवशी क्लारिना तुरुंगात डबा घेऊन आली.

"दादा, तुझं कोनफळ सहा जणांनी उचललं! सगळ्यांत मोठं. सरदारांनी तुला पदवी दिली."

"खणलं कुणी?"

"ह्यांनी. न विचारता तुझ्या मळ्यात शिरावं लागलं म्हणून दिवसभर जेवले नाहीत. सरदारांपुढे नाव मात्र तुझंच घेतलं."

मी डब्यातला मासा चिवडत राहिलो. शेवटी विचारलंच, "लोक काय म्हणाले?"

"लोक?" क्लारिनाचा चेहरा उजळला. "म्हणाले, मेहुणा असावा तर मेल्सोरसारखा."