मोतिया रंगाची गाडी

मला त्या गाडीचं वेड शाळेत असल्यापासून. जिंतूरच्या स्टँडसमोर कापसाच्या एका व्यापाऱ्याची मोतिया रंगाची लांबलचक गाडी उभी असायची. मी बस सोडून द्यायचो आणि काचेला नाक लावून आतली तपकिरी मऊ सीट बघत राहायचो. पुढे परभणीत कारकुनी केली, सायकलवरून स्कूटरवर आलो, पण झोप लागता लागता डोळ्यांसमोर यायची ती तीच सीट.

निवृत्तीच्या पैशांतून घरावर एक खोली चढवायची, असं बायकोचं आणि माझं ठरलं होतं. पाडव्याच्या तोंडावर कुणीतरी सांगितलं, पेडगावात तसलीच जुनी गाडी विकायला निघालीय. नुसती बघायला म्हणून गेलो आणि पाडव्याला घेऊनच आलो. ओळखीच्या मेकॅनिकनं बोनेट उघडून कपाळावर हात मारला. "साहेब, ह्याचे पार्ट आता मिळत न्हाईत. अन् पेट्रोल तर पाण्यावाणी पिती." मी मान डोलावली. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

बायकोनं रीत सोडली नाही. चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मी पुढचं दार उघडून धरलं. "तुमी या फिरून," ती म्हणाली, "मला लय काम पडलंय." खोलीचे पैसे गाडीत गेले होते. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग मी एकटाच फिरायचो. जिंतूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी काळं रान, काच खाली, हात बाहेर, आणि मनात काहीच नाही. कुठं पोहोचायचं नसायचंच. मध्येच बंद पडली तरी राग यायचा नाही; इंजिन थंड होईपर्यंत बांधावर बसून मी तिच्याकडेच बघत राहायचो. फक्त बाजूची रिकामी सीट बोचायची. एवढं स्वप्न हाती आलं आणि ज्या माणसाला ते दाखवायचं, तेच माणूस त्यात बसेना.

वैशाखात तिनं बोनेटवर जुनं धोतर पसरून कुरडया वाळत घातल्या. "अंगणात जागा कुठं ठेवलीय तुमी?" पत्रा तापला की एका दिवसात वाळतात, हे शेजारणीला कौतुकानं सांगितलंही तिनंच. मी चार दिवस गाडी जागची हलवली नाही.

तुरीला शेंगा भरल्या तेव्हा एके दुपारी मी बाजारातून आलो, तर घर सताड उघडं आणि आत कुणी नाही. बायको गाडीत होती. मागच्या सीटवर पाय वर घेऊन, काचा बंद करून, मांडीवर शेंगांचं ताट. हिवाळ्याच्या उन्हानं आतलं सगळं पिवळंधमक झालं होतं. सोलायचं सोडून ती नुसतीच समोर बघत होती. मला इतका आनंद झाला, की धाडकन दार उघडून मी शेजारी जाऊन बसलो. "चल, जिंतूरपर्यंत जाऊन येऊ!"

ती दचकली. "कुठं बी न्हाई जायचं. मी रोज बसते इथं, तुमी बाजारात गेलात की." मग तिनं विचारलं, "वरची खोली कुणासाठी पाहिजे होती, ठाव हाय का?"

"पोरासाठी. दिवाळीला येतो तेव्हा..."

"पोराला पुण्यात घर हाय. मला पाहिजे होती. लग्न झाल्यापासून दार लावून एकटी कदी बसलेच न्हाई मी. आदी सासू-सासरे, मग पोरं, आता तुमी. घरात असलं की कुणी ना कुणी हाक मारतंच."

इतक्या वर्षांच्या संसारात मी हे एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली. खाली उतरलो, दार हळूच लावलं आणि बाहेरून काचेवर टकटक केली.

तिनं काच चार बोटं खाली घेतली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "अर्ध्या घंट्यानं या."